दोनशे मैल आणि आठवड्याचे सात तास

"संसारी माणसाने असले नाद करू नयेत," हे वाक्य आपल्याकडे इतक्या अधिकारवाणीने उच्चारले जाते, की ते कोणा स्मृतिकारानेच लिहून ठेवले असावे असे वाटते. २०२४ च्या जानेवारीत माझ्या थोरल्या बहिणीने ते आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, फोनवर ऐकवले. आणि "तू तरी त्याला चार शब्द सांग," म्हणून मलाही गळ घातली. मामाने भाच्याला शहाणपण शिकवावे ही तिची अपेक्षा रास्तच होती. पण चार शब्द सांगण्याऐवजी मी चार महिने त्याचेच ऐकत राहिलो, मे महिन्याच्या सुटीत त्याच्या घरी जाऊन सारे प्रकरण डोळ्यांनी पाहून आलो, आणि आता मला बहिणीशी, तिच्या मताच्या सगळ्यांशी आणि तिच्या अगदी उलट मताच्या मंडळींशीही भांडायचे आहे. ऐन दिवाळीत भांडण उकरून काढतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. असली भांडणे घरोघर फराळाच्या ताटाशीच होतात, हे मला ठाऊक आहे.

प्रकरण असे. भाचा अमेरिकेत कॅन्सस राज्यातील विचिटा शहरी इंजिनिअर आहे. हे शहर विमानांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. नवराबायको दोघेही नोकरी करतात. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तेथून मोटारीने दीडेक तासावर एम्पोरिया नावाचे सुमारे २४,००० वस्तीचे गाव आहे. मे संपता संपता किंवा जून लागता लागता त्या गावी खडीच्या रस्त्यांवरून सायकलींची मोठी शर्यत होते. ती २००६ साली पहिल्यांदा भरली तेव्हा ३४ स्वार निघाले होते. तेव्हाचे तिचे नाव निराळे होते. २०२० साली ते बदलून 'अनबाउंड ग्रॅव्हल' असे ठेवले गेले. आता स्वार हजारोंनी येतात आणि अर्ज त्याहून इतके जास्त, की चिठ्ठ्या टाकून नावे काढावी लागतात. अंतरे लहानमोठी पुष्कळ आहेत, पण खरा मान २०० मैलांचा. म्हणजे ३२२ किलोमीटर. मुंबईहून पुण्यास जाऊन त्याच दिवशी परत यावे, आणि तेही डांबरावरून नव्हे, खडीवरून!

आणि ती खडी तरी कशी? त्या टापूला फ्लिंट हिल्स म्हणतात, म्हणजे चकमकीच्या दगडाच्या टेकड्या. जमिनीत हा दगड इतका, की नांगर चालेना. म्हणून तेथे शेती झाली नाही आणि उंच गवताची कुरणे टिकून राहिली. एके काळी अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या अशा कुरणांपैकी आज चार टक्केही उरलेली नाहीत, आणि उरली त्यांतली बहुतेक येथेच आहेत. ज्या दगडाने नांगराला हरवले, तो सायकलच्या टायरला थोडाच सोडणार? टायरची बाजू तो सुरीने चिरावी तशी चिरतो. सावलीला झाड नाही, वाऱ्याला आडोसा नाही. टेकड्या ठेंगण्या, पण एकीमागून एक अशा येतच राहतात. साऱ्या चढांची बेरीज दहा हजार फुटांच्या आसपास जाते. मदतीची ठिकाणे मोजकी. मधल्या वाटेत पंक्चर आपणच काढायचे, तुटलेली साखळी आपणच जोडायची.

अशा शर्यतीत उतरायचे, आणि सरावाला वेळ आठवड्यातून अवघा सात तास. भाच्याचा अपराध तो हाच.

यावर दोन पक्ष आहेत. पहिला माझ्या बहिणीचा: बायकापोरे असलेल्या माणसाने दोनशे मैलांचे वेड घेऊ नये, वेळ संसाराचा आहे. दुसरा भाच्याच्या सायकलवाल्या मित्रांचा: आठवड्याला पंधरा तास देता येत नसतील तर दोनशे मैलांचे नाव काढू नये, वेळ सायकलीचा आहे. वरवर पाहता हे पक्ष एकमेकांचे वैरी वाटतात. वस्तुतः ते सख्खे भाऊ आहेत. एखादी गोष्ट करायची तर सर्वस्व ओतून, नाहीतर मुळीच नाही, ही दोघांचीही श्रद्धा. मला ती साफ नामंजूर आहे. वेळ थोडा असणे ही या शर्यतीची अपात्रता नव्हे. दुसऱ्याचा वेळ न विचारता उचलणे ही अपात्रता आहे. माझे म्हणणे एवढेच आहे. आता ते सिद्ध करतो.

२०२३ साली भाच्याने दुसऱ्या पक्षाचे ऐकले होते. आठवड्याला पंधरा तास! पहाटे चारला उठून दोन तास, शनिवारी सहा तास, रविवारी पाच. खरी खडी हवी म्हणून सायकल मोटारीवर लादून फ्लिंट हिल्सपर्यंत एक तास जायचे आणि एक तास यायचे. हे तास पंधरात धरलेच नव्हते. भाचेसून मला म्हणाली, "मामा, त्या पाच महिन्यांत हा घरात एकतर झोपलेला असायचा, नाहीतर खात असायचा." ती स्वतः दर रविवारी सकाळी पोहायला जात असे. ते बंद झाले, कारण मुलीजवळ थांबायला कोणी नव्हते. ते बंद करावे असे कोणी म्हटले नाही, कोणी भांडले नाही. आपोआप बंद झाले. आपोआप बंद होणाऱ्या गोष्टी घरातल्या बाईच्याच का असतात, याचे उत्तर पहिल्या पक्षानेही कधी दिलेले नाही.

आणि फळ काय मिळाले? ३ जून २०२३ रोजी शर्यत सुटली, आणि सुरुवातीच्या अकरा-बारा मैलांतच पावसाने भिजलेल्या मातीच्या रस्त्याने स्वारांना गाठले. तो चिखल असा, की चाकाला चिकटला म्हणजे चाक फिरेना. जाणते लोक खाली उतरले, सायकल खांद्यावर घेऊन कडेच्या गवतातून चालू लागले. कित्येकांनी रंग ढवळायची लाकडी पट्टी खिशात आणली होती, तिने ते चाकाचा चिखल खरवडत होते. आमचे चिरंजीव मात्र पंधरा तासांच्या मेहनतीच्या ताकदीने पायडल दाबत राहिले. मागच्या चाकापाशी गिअर बदलणारा डिरेलर असतो, तो चिखलात अडकून मोडला. दोनशे मैलांची शर्यत बाराव्या मैलाच्या आत संपली. त्या दिवशी चांगल्याचांगल्यांचे गिअर मोडले, हे खरे. पण सायकलीवरून केव्हा उतरावे हा धडा त्याच्या पंधरा तासांत कोठेच नव्हता, हेही खरे. तो शिकायला फार तर अर्धा तास लागला असता.

एम्पोरिया हे गाव मला आवडले, त्याला आणखी एक कारण आहे. 'नॅशनल टीचर्स हॉल ऑफ फेम', म्हणजे उत्तम शाळाशिक्षकांचा सन्मान करणारी संस्था, याच गावी १९८९ साली स्थापन झाली. मीही शाळामास्तर. म्हणून या वादातला माझा पहिला पुरावा वर्गातला आहे. पाढे पाठ करायचे झाले तर मुलाला रोज पंधरा मिनिटे बसवावे, की महिन्यातून एका रविवारी सात तास? उत्तर तिसरीच्या मुलाच्या आईलाही ठाऊक असते. शाळेचे वेळापत्रक तासिकांचे असते, ते शिक्षक आळशी असतात म्हणून नव्हे. डोके काय नि पाय काय, ताण मिळाल्यावर विश्रांतीत घडत असतात. पहाटे चारला उठून सायकल चालवणारा मनुष्य सरावाचा तास झोपेच्या तासातून कापतो, आणि सरावाचे चीज ज्या झोपेत व्हायचे तीच गमावतो. हा तास मिळवलेला नव्हे, कर्जाऊ काढलेला आहे, आणि व्याज जबर आहे.

दुसरा पुरावा इतिहासाचा. ६ मे १९५४ रोजी रॉजर बॅनिस्टरने ऑक्सफर्डच्या मैदानावर एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची भिंत पाडली. तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्या दिवशी सकाळीसुद्धा लंडनला इस्पितळात जाऊन मग तो ऑक्सफर्डला गेला. त्याचा सराव होई तो दुपारच्या जेवणाच्या सुटीत. ४४० यार्ड जोरात, दोन मिनिटे विसावा, पुन्हा ४४० यार्ड, असे दहा वेळा. वेळ नव्हता म्हणून त्याने त्या थोड्या वेळातून पाणी काढून टाकले.

तिसरा पुरावा शास्त्राचा. २००६ सालीच, म्हणजे एम्पोरियाची शर्यत सुरू झाली त्याच साली, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील मार्टिन गिबाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुणांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवड्यांत सहा वेळा, दर खेपेस दीड ते दोन तास सायकल संथपणे चालवली. दुसऱ्या गटाने तितक्याच खेपा केल्या, पण प्रत्येक खेपेस तीस सेकंद जीव तोडून आणि मग चार मिनिटे विसावा, असे चार ते सहा वेळाच. पहिल्याचे एकूण साडेदहा तास झाले, दुसऱ्याचे अडीच. स्नायूंची प्राणवायू वापरण्याची शक्ती दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच वाढली.

येथे दुसरा पक्ष उसळून म्हणेल, "अहो मास्तर, एक मैल म्हणजे दोनशे मैल नव्हेत, आणि दोन आठवड्यांचा प्रयोग म्हणजे सोळा तासांची शर्यत नव्हे!" कबूल. अगदी कबूल. तीस सेकंदांच्या उड्या मारून कोणी दोनशे मैल जात नाही. खोगिरावर दहा तास बसणे, हाताला मुंग्या येणे, दुपारी दोन वाजता मनाने बंड पुकारणे, या गोष्टी लांब बसल्याशिवाय कळत नाहीत. पण त्यासाठी दर आठवड्याला लांब बसावे लागते, हे कोठे सिद्ध झाले आहे?

२०२४ साली भाच्याने आखलेले वेळापत्रक पाहा. मंगळवारी एक तास आणि गुरुवारी एक तास: त्यात आठ-आठ मिनिटांचे चार कठीण तुकडे, बाकी सावकाश. आठवड्यातून दोन दिवस कारखान्यात सायकलीने जाणेयेणे, तेही सावकाश; ते दोन तास. शनिवारी सकाळी तीन तास, घराच्या दारातून निघून दारातच परत. खडीसाठी मोटारीतून हिंडणे बंद. एकूण सात. याशिवाय साऱ्या हंगामात तीन लांब दिवस: एक सहा तासांचा, एक आठ तासांचा आणि एक पूर्ण शंभर मैलांचा. हे तीन दिवस जानेवारीतच ठरवून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिले होते. रविवारी सायकलीला हात लावायचा नाही.

थोडक्या वेळाच्या माणसाची नेहमीची चूक अशी, की वेळ कमी म्हणून तो प्रत्येक वेळी अर्धवट जोर लावतो. ना धड कठीण, ना धड सोपे. रोज मध्यम दमून येतो आणि त्यालाच सराव म्हणतो. कठीण दिवस खरोखर कठीण आणि सोपा दिवस इतका सोपा की शेजारच्या स्वाराशी गप्पा मारता याव्यात, हा भेद पाळला तर सात तास पुष्कळ होतात.

शिवाय या शर्यतीत जे शिकायचे त्यातले अर्धे पायांनी शिकायचे नसतेच. शरीरात साखरेचा साठा असतो तो चारपाचशे ग्रॅमचा. काही न खाता चालवले तर तीनेक तासांत तो आटतो आणि माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. म्हणून ताशी ६० ते ९० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जावे लागते, आणि हलत्या सायकलीवर ते पचवायची पोटाला सवय लावावी लागते. ही सवय शनिवारच्या त्याच तीन तासांत लागते. वेगळा मिनिटही लागत नाही. भाचा मिठात उकडलेले बटाटे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि साखरेचे पाणी यांवर चाले. पंक्चर काढायला तो मुलीला जवळ बसवून अंगणात शिकला. ती हातपंपाने हवा भरी. हे तास मी सायकलीच्या खात्यात मांडू, की संसाराच्या?

तिसरा एक पक्ष दुकानदारांचा आहे. वेळ नाही ना, मग तो विकत घ्या, म्हणतात! हलकी चाके घ्या, हे यंत्र घ्या, ते मापक घ्या. चांगले जाड टायर त्या रस्त्याला हवेतच. चाळीस मिलिमीटरहून रुंद, आणि आतले भोक आपोआप बुजवणारे औषध भरलेले. त्यात काटकसर करू नये. पण दोनशे ग्रॅम वजन वाचवायला महिन्याचा पगार देणाऱ्याने आधी एक तास जास्त झोपून पाहावे. भाच्याने जुनीच सायकल नेली.

या साऱ्याला मर्यादा आहे, ती लपवणे लबाडी होईल. सात तासांच्या माणसाने जिंकण्याची आशा धरू नये. शेवटच्या साठ मैलांत त्याचे पाय पंधरा तासवाल्यापेक्षा आधी बोलू लागतात. म्हणून त्याने पहिले शंभर मैल, लोक पुढे जात असता, मान खाली घालून सावकाश काढले पाहिजेत. हा संयम वेळाने येत नाही, अकलेने येतो.

आता बहिणीच्या पक्षाकडे वळतो. संसारी माणसाने नाद करू नये, तर मग करावा कोणी? महाराष्ट्रातली हौशी नाटके कोणी जगवली? कचेरी सुटल्यावर तालमीला जाणाऱ्या कारकुनांनी आणि शाळामास्तरांनीच ना? नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ३,००० मैलांची शर्यत जोडीने पुरी करून आले. अशी जोडी भारतातून पहिलीच. तिचा मार्ग याच कॅन्सस राज्यातून जातो. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. ही मंडळी धंद्याने सायकलस्वार नव्हती. वैद्यकी करणारी होती. संसार आणि नाद यांचे वैर असते, तर या माणसांना घराबाहेरच पडता आले नसते.

वैर असते ते न विचारण्याशी. २०२४ साली भाच्याने एकच नवी गोष्ट केली: जानेवारीत बायकोसमोर कॅलेंडर घेऊन बसला आणि विचारले, "मला आठवड्याचे सात तास हवेत. तुला किती हवेत?" ती म्हणाली, "मला रविवारची सकाळ परत हवी." इतकेच. ती पोहायला जाऊ लागली. रविवारचे पोहे हा करू लागला. पहिल्या वर्षी पंधरा तास चोरीचे होते, म्हणून ते पुरले नाहीत. दुसऱ्या वर्षी सात तास मागून घेतलेले होते, म्हणून त्यांतला एकही वाया घालवायची त्याला लाज वाटे.

हे ऐकताना माझी मान खाली गेली, ते सांगून टाकतो. मी कादंबऱ्या लिहितो. शाळेतून आल्यावर आणि रविवारी, दार लावून. इतक्या वर्षांत मी बायकोला एकदाही विचारले नाही, की हा रविवार मी घेऊ का. "ते लिहिताहेत, आवाज करू नका," असे ती मुलांना सांगे, आणि मला त्यात माझ्या प्रतिभेचा गौरव वाटे. लग्नाआधी ती पेटी वाजवीत असे. पेटी माळ्यावर कधी गेली, हे मला आठवत नाही, तिला आठवते. लेखकाच्या नादाला आपण साधना म्हणतो आणि सायकलस्वाराच्या नादाला खूळ. पण घरातल्या दुसऱ्या माणसाचा रविवार दोघेही सारख्याच सफाईने उचलतात.

१ जून २०२४ रोजी रात्री आम्ही एम्पोरियाच्या कमर्शियल स्ट्रीटवर उभे होतो. पहिला आलेला ऑस्ट्रेलियाचा लाख्लन मॉर्टन नऊ तास अकरा मिनिटांत दोनशे मैल संपवून केव्हाच गेला होता. सूर्य मावळण्याआधी पोचणे हाही तेथे एक मान समजला जातो. तो सूर्यही पावणेनऊच्या सुमारास गेला. अकराच्या सुमारास, धुळीने पांढरा झालेला, एक मागचा टायर चिरून शिवलेला, आमचा भाचा आला. लोक तेव्हाही दोन्ही बाजूंना उभे राहून घंटा वाजवीत होते. मुलगी आईच्या खांद्यावर झोपली होती. त्याने तिच्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि म्हणाला, "उद्या पोहे मीच करतो."

बहिणीचा फोन आला. "कितवा आला?" तिने विचारले. मी म्हटले, "अक्का, पहिल्या वर्षी तो घरात नव्हता आणि शर्यतीतही नव्हता. यंदा दोन्हीकडे होता." तिला हे पटलेले नाही. ती अजूनही त्याला खूळच म्हणते. म्हणूनच हा लेख.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी जमाखर्चाच्या वह्या पूजेत मांडतात. वाचकहो, यंदा त्या शेजारी एक कोरी वही ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने आठवड्याचे कोणते तास आपले म्हणून हवेत, ते तीत लिहावे. नवऱ्याने लिहावे, बायकोने लिहावे, म्हाताऱ्या आईने लिहावे, पोराने लिहावे. मग ज्याला दोनशे मैल जायचे त्याने खुशाल जावे. आमच्याकडे पेटी माळ्यावरून खाली आली आहे. भाता फाटला होता, तो दुरुस्तीला दिला आहे. आणि रविवारी सकाळी नऊ ते अकरा माझ्या खोलीचे दार आता उघडे असते.